बरं, येतो मी

सोमवार, ता. ९. पायथ्याचं लॉज.

पोचलो एकदाचे. बसमधून उतरताना साडूभाऊंनी कंडक्टरचे आभार मानले, ड्रायव्हरचे मानले आणि दारात अंग चोरून वाट दिली म्हणून एका अनोळखी बाईंचेही मानले. तोवर मी दोघांच्या सॅक लॉजच्या पायरीवर नेऊन ठेवल्या होत्या आणि माझी एक सिगरेट ओढून झाली होती. पन्नाशीनंतर सिगरेट आणि डोंगर एकदम सुरू करू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. सिगरेट मी तिशीतच सुरू केली असल्यामुळे तो प्रश्न आला नाही.

खोली झकास आहे. दोन पलंग, एक खुर्ची, खिडकीत एक कुंडी आणि कुंडीत काहीच नाही. खिडकीतून डोंगर दिसतो. उद्या त्याच्या खांद्यावरच्या दगडी निवाऱ्यात मुक्काम, परवा खाली. घरी चांगली गादी असताना पाठीवर ओझं घेऊन सात-आठ तास चढायचं आणि फळीवर झोपायचं, याला हल्ली सुट्टी म्हणतात. आमच्या साप्ताहिकाच्या संपादकांना यावर खुसखुशीत काहीतरी हवंय. माझ्या सदरात डोंगर अजून आलेला नाही. साडूभाऊ बरेचदा आलेत.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. धंदा घड्याळदुरुस्तीचा. वय माझ्यापेक्षा सहानं जास्त, वजन वीस किलोंनी, आणि घाई मुळातच नाही. डोळ्याला भिंग लावून एकाच स्क्रूकडे दुपारभर बघत बसायची सवय असल्यामुळे जगात कशालाच उशीर होत नाही असं त्यांचं मत आहे. शिवाय माणूस शब्दाला पक्का. स्वतःच्या तर आहेच, पण दुसऱ्याच्या जास्त. आपण जे बोलतो तेच आपल्याला म्हणायचं असतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

तीन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नात जेवणं झाल्यावर मी त्यांना म्हणालो, बसा हं, आलोच. आणि गाडी काढून सरळ घरी गेलो. मुद्दाम नाही, विसरलो. हॉल झाडून झाला तरी रचलेल्या खुर्च्यांच्या मधोमध हे आपले एका खुर्चीवर. वॉचमननं उठवलं तर म्हणाले, आमचे साडू येतायत, ते आले की निघतो. त्यावर मी ‘आलोच’ नावाचा लेख लिहिला. आजवर माझ्या कुठल्याही लेखाला इतकी पत्रं आली नाहीत. लोक रस्त्यात थांबवून विचारतात, तुमचे साडू उठले का हो अजून? खुद्द साडूभाऊंनी ते पान कापून दुकानातल्या काउंटरच्या काचेखाली ठेवलंय. गिऱ्हाइकाला बोट लावून दाखवतात, हे मीच.

आकडसासू, म्हणजे त्यांची बायको, मात्र त्या लेखावर हसल्या नव्हत्या. आज स्टँडवर सोडायला आल्या तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाल्या की ते मागे पडतात, त्यांना टाकून पुढे जाऊ नका. तुमचे पाय लांब आहेत आणि जीभ त्याहून लांब, दोन्ही जरा आवरा. मी म्हणालो, तुमचा ऐवज आहे तसा परत आणून देतो, पोच द्या फक्त. तेव्हाही हसल्या नाहीत.

आत्ता साडूभाऊ पलंगावर सामान मांडून बसलेत. एक शिट्टी, वाट चुकली तर तीनदा वाजवायला. दोन कप, एक पाहुण्याला. दोन रुमाल, तेही त्याच हिशेबानं. डोंगरावर पाहुणे कोण येणार, असं विचारलं तर म्हणाले, सांगता येत नाही. मग सात वाजले तसं मनगटावरचं घड्याळ काढून त्याला चावी दिली. रोज सातला देतात. एक दिवस चुकली तर बंद पडतं म्हणे.

मजा येणार आहे.

मंगळवार, ता. १०. निवारा.

तीन वाजता पोचलो. पोटऱ्या माझ्या राहिलेल्या नाहीत, पण पोचलो.

आधी निवाऱ्याबद्दल. दगडी भिंती, पत्र्याचं छप्पर, आत एक लांबलचक खोली. उजवीकडे दोन मजली फळ्यांचे आठ बिछाने, मधे लोखंडी शेगडी, शेगडीवर ओले मोजे वाळवायची तार. तारेखाली उभं राहिलं की माणसाचा माणसावरचा विश्वास उडतो. इथली व्यवस्था एक बाई एकटीनं बघते. साठीच्या आसपासची, काटक, कमरेला किल्ल्या. मी मनातल्या मनात तिचं नाव सुभेदारीण ठेवलंय. कोणालाही ती नावानं हाक मारत नाही, नंबरानं मारते. दाराशेजारच्या फळीवर खिळ्यांच्या दोन रांगा आहेत. एका रांगेवर ‘येणार’ लिहिलंय, दुसरीवर ‘आले’. लॉजवाला बिनतारी संचावरून उद्या किती माणसं येणार ते कळवतो, तेवढे पत्र्याचे बिल्ले ती ‘येणार’खाली लटकवते. माणूस दारात आला की त्याचा बिल्ला ‘आले’वर. ‘येणार’खाली एक जरी बिल्ला उरला तरी धुक्यात दर अर्ध्या तासानं बाहेरची घंटा वाजवायची आणि खिडकीत दिवा ठेवायचा. तीस वर्षं हेच चाललंय. रांग रिकामी झाली की घंटा बंद.

मी अकरा. साडूभाऊ बारा.

चढाई कशी झाली ते लिहायलाच हवं. साडेसातला निघालो. साडूभाऊ दर बाणाशी थांबून बाण वाचत होते. दगडावर रंगवलेल्या बाणात वाचायला काय असतं देव जाणे. दहा वाजता मी घामाघूम, अकरा वाजता चिडलेलो, बाराला मी बोलायचा बंद झालो होतो, जे माझ्या बाबतीत दुखणं समजलं जातं. बारा चाळीसला एक वळण आलं. तिथं बाकासारखा काळा सपाट दगड आहे. साडूभाऊ त्यावर टेकले आणि म्हणाले, गुडघा जरा कुरकुरतोय, पाच मिनिटं. त्यांची पाच मिनिटं मला ठाऊक आहेत. खालून धुकं वर येत होतं. मी म्हणालो, बरं, येतो मी.

ते म्हणाले, या.

आता याचा अर्थ काय? आपण कोणाच्याही घरून निघताना येतोच म्हणतो. जातो म्हणायची पद्धत नाही. घरमालकही या म्हणतो, आणि कोणी तिथल्या तिथे वळून पुन्हा आत येत नाही. म्हणजे रीतसर निरोप झाला. गुडघा दुखतोय म्हटल्यावर शहाणा माणूस खाली उतरतो. उतरले असणारच.

सुभेदारणीनं माझा बिल्ला हलवला आणि विचारलं, बारा कुठंय? मी म्हणालो, गुडघा दुखत होता, वळणावरून परत गेले. ती म्हणाली, सहाला खाली बोलणं होतं, पोचले का विचारते. मी म्हणालो, नको हो, ते लॉजवर थांबायचेच नव्हते, संध्याकाळच्या बसनं परस्पर घरी. हे का बोललो ते सांगता येत नाही. तोंडातून सफाईदार वाक्य बाहेर पडलं. धंद्याची सवय.

तिनं बारा नंबरचा बिल्ला काढून खणात टाकला. टक्‌ असा आवाज झाला. मग म्हणाली, चला, आज घंटेचा ताप नाही.

लेखाची सुरुवात लिहून काढली. शीर्षक: ‘आलोच: भाग दुसरा’. बरी उतरलीय. दोन जागी मलाच हसू आलं.

त्यांचं घड्याळ माझ्या खिशात राहिलंय. भेटल्यावर देईन.

बुधवार, ता. ११.

धुकं. दार उघडलं तर पायरी दिसत नाही. उतरायचं नाव काढू नका, असं सुभेदारीण म्हणाली. म्हणजे आजचाही मुक्काम इथंच.

सकाळी तिनं मला फैलावर घेतलं. बारा नंबरचा बिल्ला ‘येणार’खाली लटकत होता. हे खेळणं नाही, म्हणाली, या खिळ्यांवर माणसं जगतात, तुम्ही गमत्या असाल तर घरी. मी हात लावला नाही, असं शपथेवर सांगितलं. तिनं बिल्ला पुसला, कारण तो ओला होता, आणि परत खणात टाकला.

नंतर बटाटे सोलताना म्हणाली की तुमचं साप्ताहिक इथंही येतं. मी जरा फुललो. शेगडी पेटवायला जुने अंक खालून येतात, असं तिनं पुढं सांगितलं. पेटवण्याआधी वाचते मात्र. मग सुरी थांबवून विचारलं, ते खुर्चीवर बसून राहिलेले साडू, ते हेच का, बारा नंबर? मी हसलो, हो म्हणालो. ती हसली नाही. म्हणाली, मी तो लेख वाचला तेव्हा मला त्या बसलेल्या माणसाचं काही वाटलं नाही, उठून जाणाऱ्याचं वाटलं.

आकडसासू आणि ही, दोघी एकाच साच्यातल्या.

सांगून टाकावं असं तेव्हाच वाटलं होतं. जेवताना सांगू म्हटलं. जेवताना ती शेगडीशी खटपटत होती, म्हणून चहाच्या वेळी सांगू म्हटलं. काल तीन वाजता दारातच सांगितलं असतं की बाई, माणूस वळणावर बसलाय, घंटा वाजवा, तर मी फार तर उतावळा ठरलो असतो. सहाला सांगितलं असतं तर निष्काळजी. आज सकाळी सांगितलं असतं तर त्याला जो शब्द आहे तो मला येतो, पण मी तो इथं लिहिणार नाही. दर तासाला शब्द वाईट होत जातोय. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला हे बरोबर मोजता येतं.

पण ते उतरलेच असतील. इतका कोण बसेल?

चार वाजता शेगडीत लाकूड घालत होतो. बाहेरून, खालच्या अंगानं, काहीतरी ऐकू आलं. तीनदा. मग थांबून पुन्हा तीनदा. सुभेदारणीनं मान वर केली, ऐकलंत का म्हणाली. मी म्हणालो, पक्षी असेल.

पक्षी असेल असं मी म्हणालो.

सात वाजता खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. चालू आहे. परवा सातला त्यांनी चावी दिली, काल सकाळी निघायच्या गडबडीत दिली असेल तरी आज सकाळी बंद पडायला हवं होतं. मी चावी दिलेली नाही. कानाला लावलं. टिकटिक नेहमीपेक्षा मोठी वाटते.

लेखाचा कागद शेगडीत घातला. फार धूर झाला.

गुरुवार, ता. १२. सकाळ.

बिल्ला पुन्हा ‘येणार’खाली. ओला. या वेळी सुभेदारीण ओरडली नाही. नुसती बघत उभी राहिली, आधी बिल्ल्याकडे, मग माझ्याकडे.

आठ वाजता बिनतारी संचावर लॉजवाला. दोघांची मोठी बॅग खोलीत तशीच आहे, कधी उतरताय, विचारत होता. आणि सांगत होता की घरून एका बाईंचे दोनदा फोन येऊन गेले, आमचे हे पोचले का म्हणून. त्यांना काय सांगू?

तिनं संच खाली ठेवला. आवाज न चढवता विचारलं की वळणावर नेमकं काय झालं. गुडघ्याचं नको, बसचं नको, शब्द काय बोललात तेवढे सांगा. मी सांगितलं. मी म्हणालो, बरं, येतो मी. ते म्हणाले, या.

ती म्हणाली, मग तो बसलाय.

एवढंच. मला दोन रात्री आणि एवढी पानं लागली, तिला एक वाक्य पुरलं.

दोर, घोंगडी, थर्मास घेऊन ती गेली. जाताना बारा नंबरचा बिल्ला स्वतःच्या हातानं ‘येणार’खाली लावला. शेजारी स्वतःचा, एक नंबर. मला म्हणाली, अकरा, तुम्हाला एकच काम. दर अर्ध्या तासानं आठ ठोके. दार सोडायचं नाही. आम्ही आवाजावर येऊ. वाटेनं नाही जमलं तर मागच्या घळीतून.

साडेनऊ. आठ ठोके दिले.

दहा. दिले.

साडेदहा. दिले.

आता खरं लिहितो. हे छापायचं नाही.

ते नुसतं ‘या’ म्हणाले नव्हते. ते म्हणाले, या, मी इथंच बसतो. आणि मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. तुमचा मोबाइल बंद पडलाय, वेळ कळायची नाही, म्हणाले. अंधाराच्या आत याल ना? माझ्या खिशात ‘राहिलं’ असं मी मंगळवारी लिहिलंय. राहिलं नव्हतं. त्यांनी दिलं होतं. परत येता यावं म्हणून.

मी हो म्हणालो.

आणि मला माहीत होतं. बोलतानाच माहीत होतं की ते बसणार. बसावेत असंच वाटत होतं. दहा पावलं वर जाईपर्यंत लेखाचं शीर्षक सुचलं होतं. खुर्चीच्या वेळी मी विसरलो होतो. दगडाच्या वेळी विसरलो नव्हतो. वाटलं, वर चहा घेऊ, लगेच उतरून घेऊन येऊ, काय हसतील लोक. मग धुकं आलं. मग पाय दुखले. मग ती म्हणाली, बारा कुठंय.

अकरा. ठोके दिले नाहीत.

मी इथं बसलोय, घंटेची दोरी हाताच्या अंतरावर आहे, आणि मनात आलं की ते वर आले तर सांगतील. रागानं नाही. ते रागवत नाहीत. सहज सांगतील, काउंटरच्या काचेवर बोट ठेवून सांगतात तसं. यांनी येतो म्हटलं होतं, म्हणून मी बसलो. आकडसासूंना सांगतील. आणि त्या हसणार नाहीत.

साडेअकरा. ठोके दिले नाहीत.

हे मी आहे. हे लिहितोय तो मीच.

बारा दहा. दिले. आठ नाही, मोजले नाहीत, हात सोलेपर्यंत दिले —

संध्याकाळ.

ती आली नाही.

दर अर्ध्या तासानं वाजवतोय. आता चुकत नाही. आता काय उपयोग.

सहाला संच खरखरला. लॉजवाला विचारत होता, वर कोण आहे, बोला, कोण आहे? मी बटणावर बोट ठेवलं होतं. बोललो नाही. बोललो तर पुढचा प्रश्न आला असता.

घड्याळ चालू.

शुक्रवार, ता. १३.

एक आणि बारा, दोन्ही ‘येणार’खाली. दोन्ही ओले. अकरा ‘आले’वर. तो कोरडा.

पहाटेपासून घंटेला उत्तर येतंय. आधी वाटलं, आठवा ठोका घळीत आदळून परत येतोय. नाही. ठोके संपले की क्षणभर काही नाही, आणि मग खालून, अगदी हळू, दारात उभं राहून पाहुण्याला म्हणावं तसं —

या. या.

दर वेळी. कंटाळा नाही आवाजात. राग नाही. राग असता तर बरं झालं असतं.

सात ठोक्यांवर थांबून पाहिलं. उत्तर आलं नाही. वाट बघत होतं. आठवा दिला —

या.

मी ओरडलो की येतोय. दारातून ओरडलो. मग वाटलं हे मी आधीही —

पुरे झालं. निघतो. जातो म्हणावं का? जीभ वळत नाही. दिवा खिडकीत ठेवलाय. वही बरोबर घेतोय. त्यांना घड्याळ द्यायचंय.

वळण.

दगड सापडला. ते नाहीत.

सॅक आहे. दोन कप. एक उपडा घातलेला, एक सुलटा. दगडाची अर्धी बाजू पुसलेली. त्यावर दुसरा रुमाल पसरलाय, घडीच्या रेषा अजून दिसतात. जागा धरून ठेवलीय. कोणासाठी ते मला —

शिट्टी नाही. घेऊन गेलेत. म्हणजे उठले. म्हणजे बाई भेटली. म्हणजे जिवंत —

बसलो. रुमाल कोरडा आहे. या एवढ्या धुक्यात कोरडा.

घड्याळात बारा चाळीस. मघाशीही बारा चाळीस. टिकटिक चालू, काटा जागच्या जागी.

घंटा! वरून. निवाऱ्याची. कोणीतरी पोचलं. बाई पोचली, त्यांना घेऊन, मागच्या घळीतून. साडूभाऊ शेगडीपाशी बसले असतील. विचारत असतील, आमचे साडू कुठं आहेत, ते यायचेत —

सहा. सात. आठ.

थांबली. पुढचे ठोके अर्ध्या तासानं. थांबतो.

घड्याळ बारा चाळीस. अर्धा तास कसा कळणार.

बराच वेळ झाला. घंटा नाही.

अजून नाही.

का नाही —

अकरा. माझा बिल्ला. ‘आले’वर आहे. मी हलवला नाही. एक आले, बारा आले, अकरा आधीच आलेला. रांग रिकामी. घंटेचा ताप नाही. वर आहेत ते समजतील मी उतरलो. खाली लॉजवाला समजेल मी वरच — कोणाचाही समज होईल. मी केलं तेच —

ओरडलो. आवाज धुक्यात चार हातांवर विरतो. शिट्टी असती तर. तीनदा. कोणीतरी म्हणेल पक्षी —

पावलं.

वर जाणारी. लांब टांगांची, घाईची. अगदी माझ्या समोरून. पाठ दिसतेय, जर्किन माझं, कोपराला माझीच शिवण — मी हाक मारली, अहो — वळला नाही. चालता चालता बोलला, माझ्या आवाजात, ऐटीत, पुढचं वाक्य आधीच सुचल्यासारखं —

बरं, येतो मी.

आणि माझ्या तोंडून आपसूक, अगदी नीट, आदबीनं —

या. मी इथंच